तिवरं उगवलेल्या भातशेताचं करायचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटात आमची चार एकर वडिलोपार्जित भातशेती आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी उधाणाच्या भरतीत खाडीकडचा बांध फुटला आणि साधारण बारा मीटरची खांड पडली. ती बुजवावी म्हणून सतरा खातेदारांनी अर्ज केले. बांधाची योजना खाजगी आहे, सरकारी यादीत नाही, असं उत्तर मिळालं. आज दीड एकरात कसंबसं भात होतं, दीड एकर खार बसून उघडी पडली आहे आणि खांडीजवळच्या एक एकरात कमरेएवढी तिवरं उभी आहेत. ‘ही आता पाणथळ जागा झाली, इथे काही करता येणार नाही,’ असं पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने सांगितलं. चुलतभाऊ म्हणतो, एका रात्रीत जेसीबी लावून साफ करू. एक कंपनी सगळी जमीन कोलंबीसाठी भाड्याने मागते आहे. वडील दोन्हीला तयार नाहीत. मी नोकरीनिमित्त पनवेलला असतो. बांध घालून शेती वाचवावी, की कायद्यापुढे हात टेकावेत?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

‘पाणथळ जागा झाली’ हे तुम्हाला कुणी लेखी दिलं आहे का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. तोंडी शेरा आणि अधिसूचना यांत फार अंतर असतं. तुमच्या पुढच्या सगळ्या चाली त्या अंतरावर अवलंबून आहेत, म्हणून आधी तिथेच थांबू.

पाणथळ जागांसाठी देशात ‘पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७’ आहेत. ते रामसर यादीतल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या, आणि केंद्र किंवा राज्य सरकारने रीतसर अधिसूचित केलेल्या जागांना लागू होतात. त्यांच्या व्याख्येतच नदीचं पात्र, भातखाचरं आणि सिंचन, मीठ किंवा मत्स्यशेतीसाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळली आहेत. शिवाय किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये येणाऱ्या पाणथळ जागांना हे नियम लागू नाहीत. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही नावं रामसर यादीत आहेत. तुमचं गाव त्यांच्या जवळपासही नाही. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्या. उपग्रह चित्रांवरून देशातल्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळ जागांची यादी झालेली आहे. त्यातल्या २,०१,५०३ जागांना आधीच्या, २०१० च्या नियमांतल्या तत्त्वांनी संरक्षण द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये जागेवर जाऊन हद्दी तपासण्याचा आदेश दिला. या यादीत खाडीकाठचे पट्टेही आहेत. तुमचे चार एकर म्हणजे दीड हेक्टरच्या थोडं वर, पण यादीत मोजला जातो तो सलग पट्टा, सातबारा नव्हे. म्हणून असं कुणी म्हणालं की त्याला तीन प्रश्न विचारा: कोणत्या कायद्याखाली, कोणत्या अधिसूचनेत किंवा यादीत, आणि कोणत्या गट नंबरासाठी? उत्तर लेखी मागा.

तुमचा खरा गुंता पाणथळ नियमांचा नाहीच, तो कांदळवनाचा, म्हणजे त्या तिवरांचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवन तोडण्यावर सरसकट बंदी घातली. जमीन सरकारी असो वा खाजगी, बंदी तीच, आणि भोवतालच्या पन्नास मीटरात बांधकाम, भराव वा राडारोडा टाकायचा नाही. सार्वजनिक हितासाठी तोड अपरिहार्य असेल तर परवानगी उच्च न्यायालयाचीच लागते. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेतही कांदळवन सर्वांत कडक वर्गात, म्हणजे सीआरझेड-१अ मध्ये येतं. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही त्याच वर्गात जातो. तुमचं एक एकर चार हजार चौरस मीटरांच्या वर आहे, तेव्हा तो पट्टा धरूनच चाला.

इथे तुमच्या पत्रातलं एक गृहीतक तपासायला हवं. सातबारा आमच्या नावावर आहे, झाडं आपोआप आली आहेत, म्हणून ती काढायचा हक्क आमचा, असं तुम्ही धरलं आहे. मालकी तुमचीच आहे, ती कुणी नाकारत नाही. पण कायदा आज जमिनीवर काय उभं आहे ते बघतो, ते कुणाच्या हलगर्जीने उगवलं हे विचारत नाही. रोप आणि झाड असाही फरक तो करत नाही. चुलतभावाची जेसीबीची योजना म्हणूनच सोडून द्या. उपग्रह चित्रांत एका महिन्यातला बदल दिसतो आणि गट नंबरावरून मालक सापडतो. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आहे. त्याहून मोठं नुकसान वेगळंच: एकदा गुन्हा नोंदला गेला की बांधदुरुस्तीचा तुमचा अर्ज ज्या ज्या टेबलावर जाईल तिथे तो आरोपीचा अर्ज म्हणून वाचला जाईल. बाकी सोळा खातेदारांचाही.

आता अशी तरतूद, जी खारेपाटातल्या प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असायला हवी आणि सहसा कुणी सांगत नाही. भरतीच्या पाण्यावर १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांध किंवा उघाडी (पाणी सोडण्याचं झडपेचं दार) बांधलेली असेल, तर उच्चतम भरती रेषा त्या बांधापाशीच थांबते, असं २०१९ ची अधिसूचना म्हणते. बांधामागची जमीन केवळ आज तिच्यात खारं पाणी शिरतं म्हणून किनारा क्षेत्रात ओढली जात नाही. पुढचं वाक्य मात्र तुमच्या विरोधात आहे: बांधाच्या आत खारं पाणी शिरून जे कांदळवन उगवेल ते सीआरझेड-१अ मध्येच धरायचं आणि दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वळवायचं नाही. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की चित्र स्पष्ट होतं. तुमच्या चार एकरांपैकी कायद्याने अडलेलं आहे ते एक एकर आणि त्याच्या कडेचा पट्टा. उरलेलं अडलेलं नाही, पण बांध १९९१ पूर्वीचा आहे हे सिद्ध करणं तुमच्याकडे आहे. आणि दर पावसाळ्यागणिक ते एक एकर वाढणार आहे.

ते कसं वाढतं हेही बघा. तिवराची बी पावसाळ्यात पिकते, पाण्यावर तरंगते आणि भरतीबरोबर खांडीतून आत येते. पाणी ओसरलं की उघड्या चिखलावर टेकून काही दिवसांत मूळ धरते. तुमचं दीड एकर उघडं, भात नसलेलं आणि चिखलाचं आहे, म्हणजे बीला हवी तशीच जागा. तोडायला बंदी आहे. बी आत येऊ न देण्याला नाही. त्यामुळे पुढच्या जूनच्या आत या दीड एकराभोवतीचे खाचरांचे जुने बांध हाताने, कुदळ-फावड्याने पुन्हा उभे करा. उंची ४५ सेंटीमीटर पुरे. पाणी बाहेर सोडायला १५० मिलिमीटरचा पाइप बसवा आणि त्याच्या बाहेरच्या तोंडाला भरतीने मिटणारी झडप लावा. उधाणात पाणी या बांधांवरून जाईल, पण रोजची भरती आणि तिच्यासोबतची बहुतेक बी बाहेर राहील. आधीच्याच खाचराचा बांध हाताने नीट करणं हे शेतीकाम आहे, बांधकाम नव्हे, असं आमचं मत. तरीही काम सुरू करण्यापूर्वी तलाठी आणि कांदळवन कक्षाच्या वनक्षेत्र कार्यालयाला गट नंबर, फोटो आणि ‘एकही कांदळ रोप न काढता’ हे शब्द घालून लेखी कळवा, पोच घ्या. ज्या भागात आधीच रोपं आली आहेत ती या बांधाच्या बाहेर राहू द्या, दोन गुंठे गेले तरी चालतील.

मोठ्या खांडीचं काय? ती बुजवली की प्रश्न मिटेल असं तुम्हाला वाटतं. तीन वर्षांपूर्वी मिटला असता. आज आत एक एकर तिवरं उभी आहेत आणि ती रोजच्या भरतीवर जगतात. खांड बंद केली तर ती उभी वाळतील, आणि पाणी तोडून कांदळवन मारणं हेही नष्ट करण्यातच धरलं जातं. त्यामुळे मूळ ओळीवर बांध घालायचा तर उच्च न्यायालयापर्यंत जाणं आलं. सतरा खातेदारांच्या वतीने शासनाच्या खात्याने ते केलं तरच परवडेल.

दुसरी वाट म्हणजे ते एक एकर बाहेर सोडून आतून बांध घेणं. त्याची लांबी तुम्ही पाठवलेल्या आकृतीवरून साधारण ९० मीटर येते. फायदा असा की तिवरांचं पाणी तुटत नाही, आणि बांधापुढे उभी तिवरं लाटेचा जोर खातात. समोर कांदळवन असलेला मातीचा बांध आणि उघड्या खाडीला भिडलेला बांध यांत आधी कुठला खचतो हे तुमच्या वडिलांना विचारा, ते सांगतील. तोटा मातीचा आणि जागेचा आहे. मूळ खांड १२ मीटरची. तिथे बांध अडीच मीटर उंच, माथ्याला दीड मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना एकास दोन उतार धरला तर १९५ घनमीटर माती बसते. ओली माती बसून खचते, शिवाय पाण्याने खांडीत खड्डा पाडलेला असतो, म्हणून पंचवीस टक्के वाढवा: साधारण ८५ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). आतला बांध जमीन थोडी उंच असल्याने १.८ मीटर उंच आणि माथ्याला १.२ मीटर धरला तरी ९० मीटरला पाचवा हिस्सा वाढवून-चढवून ३३० ब्रासपर्यंत जातो आणि पायाखाली साडेसात गुंठे जमीन घेतो. म्हणजे मातीच चौपट. एकट्याने करण्याचं हे काम नाही. आणि हा बांध तिवरांपासून पन्नास मीटरच्या आत येणार असल्याने तो परवानगीशिवाय करायचाही नाही.

परवानगीला आधार आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात भराव आणि बांध घालायला सर्वसाधारण मनाई असली, तरी त्याच अधिसूचनेत अपवाद दिले आहेत: धूप रोखण्याचे उपाय, जलमार्ग आणि चर साफ ठेवणं, भरतीनियामक दरवाजे बसवणं आणि खारं पाणी आत शिरू नये यासाठीच्या रचना. तुमच्या अर्जाचा विषय ‘शेतजमीन भराव’ असा लिहू नका. ‘खाऱ्या पाण्याचा शिरकाव रोखण्यासाठी अस्तित्वातील खारबंदिस्तीची पुनर्स्थापना, कांदळवनाला धक्का न लावता’ असा लिहा. शब्दांचा हा खेळ नाही. अर्ज कोणत्या तरतुदीखाली तपासला जाईल ते त्यावरून ठरतं. अर्ज खारभूमी विकास विभागाकडे जातो, तिथून महसूल आणि कांदळवन कक्षासह संयुक्त पाहणी मागायची, आणि पुढे तो महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाऊ द्यायचा. कांदळवन आणि त्याभोवतीचा पट्टा १अ मध्ये असल्याने तिथे हे अपवाद आपोआप चालतील असं गृहीत धरू नका. म्हणूनच संयुक्त पाहणीत बांधाची रेषा जमिनीवर खुंट्या ठोकून, सगळ्यांच्या सह्यांनी ठरवून घ्या.

‘योजना खाजगी आहे’ हे उत्तर शेवटचं मानू नका. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९ चा आहे आणि त्याआधी १९४८ चा मुंबई कायदा होता. अनेक जुन्या बंदिस्त्या या दोन कायद्यांच्या काळात कधी ना कधी सरकारी कागदावर आल्या. कधी फक्त दुरुस्तीपुरत्या, आणि नंतर यादीतून निसटल्या. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारा: या गावाच्या शिवारात कोणत्या खारभूमी योजना नोंदलेल्या आहेत, कोणत्या वर्षीच्या, बांधाची लांबी किती, उघाड्या किती, शेवटची दुरुस्ती कधी आणि कोणत्या निधीतून. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. १९४८ ते १९९१ मधली एक जरी नोंद सापडली तरी तिचा दुहेरी उपयोग: योजना यादीत घेण्याच्या मागणीला आणि बांध १९९१ पूर्वीचा असल्याच्या पुराव्याला. सोबत भूमी अभिलेखातून गावनकाशा, सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा, जुने सातबारे आणि त्यावरचा भाताचा पेरा जमवा. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात सतराही गट नंबर येऊ द्या. यंदा दीड एकरात जे भात आहे त्याची ई-पीक पाहणी तुमच्या फोनवरून, शेतात उभं राहून करा. पेरा ‘पड’ दिसत राहिला तर पुढे ही शेतीच होती हे दाखवणं जड जातं. किनारा क्षेत्राचा १:४,००० चा नकाशा गट नंबरांसह लागणार असेल तर तो मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावा लागतो आणि स्वस्त नसतो. सतरा जणांत वाटून घ्या.

परवानगी मिळाली की काम डिसेंबर ते मार्च या काळात. माती टाकायची वेळ भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती-ओहोटीचा फरक सर्वांत कमी असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात अर्धवट बांध सोडला तर सगळी माती जाते आणि खड्डा वाढतो. खांडीसारखं तोंड शेवटी एका भांगात मिटवायचं असतं, म्हणून आदल्या पंधरवड्यात माती काठावर रचून ठेवा. गौण खनिजाची परवानगी तहसीलमधून आधी काढा. वाहतूक अडली की भांग हातचं जातं. माती चिकण हवी, थर ३० सेंटीमीटरचे आणि प्रत्येक थर चोपून. मध्ये पेंढ्याचे थर घालण्याची जुनी पद्धत चांगली आहे, ओली माती त्याने घसरत नाही. बांधाच्या पायथ्याशीच माती उकरण्याची चूक सर्रास होते. तो खड्डा पुढे झिरपणीची वाट होतो आणि बांध आतून पोखरला जातो. निदान दहा मीटर लांबून माती घ्या, आणि कांदळवनाच्या चिखलाला हात लावू नका. खेकड्यांची बिळं दर उधाणानंतर बघून बुजवा. बांध माथ्यावरून वाहिल्याने फुटतात त्यापेक्षा बिळातून झिरपून फुटण्याचं प्रमाण कमी नाही.

बांधापेक्षा जास्त दुर्लक्ष होतं ते उघाडीकडे. खारं पाणी बाहेर ठेवणं हे अर्धंच काम झालं. पावसाचं गोडं पाणी बाहेर जायला फक्त ओहोटीचे तास मिळतात. हिशेब करून बघू. तुमच्या बंदिस्तीखाली वीस हेक्टर आहेत. एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस कोकणात नवीन नाही. त्याचं पाणी होतं ४०,००० घनमीटर. दोन ओहोट्यांत मिळून दहा तास झडप उघडी राहिली तर सेकंदाला १.१ घनमीटर पाणी गेलं पाहिजे. ९०० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप, दीड मीटर प्रतिसेकंद वेगाने, जेमतेम ०.९५ देतो. भात एक-दोन दिवस पाणी सोसतं म्हणून एका पाइपवर निभावेल, पण झडप गाळाने निम्मी अडली तर नाही. दोन पाइप मागा. झडपेचं बिजागर वरच्या बाजूला, तोंड खाडीकडे, कडेला रबरी पट्टी. गंजलेलं बिजागर, झडपेखाली अडकलेलं लाकूड आणि मासे धरण्यासाठी रात्री वर बांधून ठेवलेली झडप, ही तीन कारणं नेहमीची. तिसऱ्यासाठी इंजिनिअर नको, गावकी बसवा. उघाडीची चौकट सर्वांत खालच्या खाचरापेक्षा खाली पण खाडीच्या गाळापेक्षा वर असायला हवी, नाहीतर दोन वर्षांत ती पुरली जाते.

बंदिस्ती झाली तरी त्याच वर्षी उघड्या दीड एकरात पीक येईल अशी आशा वडिलांना देऊ नका. मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये, वेगवेगळ्या तुकड्यांतून, शून्य ते वीस सेंटीमीटर खोलीचे नमुने काढून क्षारता तपासा. अहवाल वाचताना एक फसगत होते. प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं मिश्रण करून विद्युतवाहकता देतात. भातासाठीच्या मर्यादा मात्र संपृक्त मातीच्या अर्कावर दिलेल्या असतात: तीन डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत नुकसान नाही आणि सातच्या आसपास निम्मं उत्पन्न जातं. पहिल्या पद्धतीतला आकडा दुसरीच्या कितीतरी कमी येतो. ‘दोनच आहे, चालेल’ म्हणून पेरणारे तिथेच फसतात. प्रयोगशाळेला पद्धत विचारून घ्या.

क्षार घालवायला आपल्याकडे पाऊस आहे, जिप्सम नको. सामू साडेआठच्या वर गेला आणि माती पाण्यात विरघळून गढूळ राहू लागली तरच जिप्समचा विचार करा. पहिल्या पावसाआधी उभी-आडवी नांगरट करा, खाचरांत पाणी दोन-तीन दिवस कोंडा, ओहोटीला सोडा, पुन्हा कोंडा. वीस मीटरवर साठ सेंटीमीटर खोल चर असतील तर क्षार खाली उतरून बाहेर जातात; चर नसतील तर फक्त वरचा पापुद्रा धुतला जातो आणि ऑक्टोबरच्या उन्हात खार पुन्हा वर येतो. हे होईपर्यंत चिखलणी करू नका, चिखलणी केलेल्या मातीतून पाणी खाली जात नाही. पहिल्या वर्षी हिरवळीच्या खताला ताग नको, धैंचा घ्या. दुसऱ्या वर्षी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल १, २ किंवा ३ या वाणांपैकी बियाणं आणा. रोप २५ ते ३० दिवसांचं, चुडात तीन-चार काड्या आणि लावणी नेहमीपेक्षा दाट. कापणी झाल्याबरोबर हलकी नांगरट करून ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात खार वर चढण्याची वाट तुटते. तीन पावसाळे लागतील. तुम्ही पनवेललाच असता, तेव्हा केंद्रात जाऊन मातीचा अहवाल दाखवणं तुम्हाला सोपं आहे.

कोलंबीची मागणी नाकारा. शेतजमीन आणि कांदळवन कोलंबीसाठी वळवायला सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ च्या निकालातच मनाई केली आहे. नोंदणी तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे लागते आणि ती न मिळता तळी खोदली तर सातबाऱ्यावर नाव तुमचं राहतं. त्यापुढची गोष्ट शेजाऱ्यांची: खारं पाणी मुद्दाम आत घेऊन साठवलं की ते तळाखालून बाजूच्या खाचरांत झिरपतं. आज तुमच्यासोबत अर्जावर सही करणारे सोळाजण उद्या तुमच्याविरुद्ध करतील. खारेपाटात शेततळ्यात जिताडा पाळण्याची जुनी रीत आहे, ती वेगळी. भाताबरोबर चालते आणि शेजाऱ्याचं काही बिघडवत नाही. गेलेल्या एक एकरासाठी कांदळवन कक्षाच्या संवर्धन व उपजीविका योजनेत खेकडे किंवा कालवं यांचे प्रकल्प गटाने घेता येतात. त्यातून भाताची भरपाई होईल असं आम्ही म्हणणार नाही. पण तोडता येत नाही आणि पेरता येत नाही अशा जमिनीतून काहीतरी येईल.

हाच पेच गोव्यातल्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांचाही आहे. सीआरझेडच्या २०११ च्या अधिसूचनेत तिथल्या खाजन जमिनींचा वेगळा उल्लेख होता: त्यांचे नकाशे करा, व्यवस्थापन आराखडा करा, विकासकामांना परवानगी देऊ नका. बांध आणि मानस (तिथली उघाडी) यांची देखभाल कुळांच्या संघाकडे असते. महाराष्ट्रात खारेपाटासाठी असा शब्द अधिसूचनेत नाही, आणि तो असायला हवा असं आमचं ठाम मत आहे. कांदळवन तोडू नये हे बरोबरच आहे. पण ज्या खात्याने बांध बघायचा ते बघत नाही, त्यातून झाडं उगवतात आणि मग दुसरं खातं येऊन शेतकऱ्याला हात लावू देत नाही. भरपाईचा रकाना कुणाच्याच अर्जात नाही. खांड पडल्यावर ठराविक मुदतीत, आत एकही रोप येण्याआधी, ती बुजवण्याची सक्ती कायद्यात असती तर तुमचं एक एकर भाताखाली असतं आणि न्यायालयालाही काम नसतं. ग्रामसभेच्या ठरावात हे वाक्य घाला. असे दहा गावांचे ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले तर त्याला वजन येतं.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी: बांध नुकताच फुटला असेल आणि आत अजून एकही तिवर नसेल, तर वरचं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही. आजच गट नंबर दिसेल असे तारखेचे फोटो काढा, खारभूमी विभागाला आणि तहसीलदारांना कळवा, आणि पुढच्या भांगात काम सुरू करण्याची लेखी परवानगी मागा. बांधाच्या बाहेर खाडीच्या बाजूला तिवरं असतील तर ती तशीच राहू द्या आणि माती वाहणारी वाहनं बांधाच्या माथ्यावरून किंवा आतून आणा.

आणि तुम्ही: माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात टाका, खाचरांच्या बांधांचं कळवणारं पत्र त्यासोबतच द्या. जमीन विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा कोणताही कागद आत्ता करू नका. १९९१ पूर्वीचा पुरावा हाती येण्याआधी या चार एकरांची जी किंमत कुणी सांगेल, ती चारही एकर गेले असं धरून सांगेल.